सगळे आले?

“काकू, तुम्ही व्हा हो पुढे. माझं काय, मी येते रखडत रखडत,” आडव्या पडलेल्या ओंडक्यावर टेकत दातांच्या डॉक्टरची सासू म्हणाली.

“मी पुढे झाले तर तुमच्या मागे कोण राहील?” असं म्हणत काकूही शेजारी टेकल्या. खरं तर त्या टेकायला निमित्तच शोधत होत्या.

डॉक्टर सासूची पिशवी, छत्री आणि पाण्याची बाटली अंगावर लटकवून दोन पावलं पुढे उभा होता. तो स्वतः अंगाने चांगलाच गोल होता. सासूच्या नावाखाली त्यालाही दम खायला मिळत होता, त्यामुळे आज तो अगदी आदर्श जावई झाला होता.

मंडळाची ही सहल दर रविवारी निघायची. मुलाबाळांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, कुणालाही झेपेल अशी वाट. रानाच्या फाटकातून आत शिरायचं, झाडीतून उतरत नदीवर यायचं, काठाकाठाने चालायचं, वाळूवर बसून डबे उघडायचे आणि पलीकडच्या फाटकातून बाहेर पडायचं. तिथे बस उभी असायची. सगळ्यांच्या पुढे काका, सगळ्यांच्या मागे काकू. नवरा-बायको एकाच सहलीला येतात आणि एकमेकांचं तोंड बघतात ते डबा खाताना, अशी मंडळात थट्टा चालायची. कुणीतरी काकांना इंजिन म्हणायला लागलं, मग काकू आपोआपच गार्ड झाल्या. पोरं तर सरळ इंजिनकाका आणि गार्डकाकूच म्हणायची.

गार्डाचे नियम साधे. कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. फाटक आपल्या हाताने लावायचं, म्हणजे आत कुणी उरलं नाही हे पक्कं. गळ्यात शिट्टी असते. ती वाजली की मागे काहीतरी झालंय असं समजून सगळ्यांनी परत फिरायचं. आणि शेवटच्या फाटकाशी काका उभे राहून विचारायचे, “सगळे आले?” काकू म्हणायच्या, “सगळे आले.” मग कडी लागायची. संसारातही त्या दोघांचं बोलणं याहून फार लांबत नसे, पण त्यावाचून कधी काही अडलं नाही.

काकू हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होत्या. आठवडाभर उभ्याने चादरी आणि उशांचे अभ्रे. रविवार उजाडला की पाय म्हणायचे, बाई, आज तरी आम्हाला सोड. पूर्वी नदीचं पाणी दिसलं की तो शीण उतरायचा. हल्ली उतरत नव्हता, कारण हल्लीचा शीण पायांचा नव्हताच.

काका विसरायला लागले होते. पाणीखात्यात सगळी हयात नळ जोडण्यात गेलेला माणूस. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय हे झोपेत सांगायचे. ते एक दिवस शेजारच्यांच्या दाराशी आपली किल्ली घेऊन खटपट करत बसलेले सापडले. “कुलूप बिघडलंय,” म्हणाले. काकूंनी हात धरून घरी आणलं, तेव्हा त्यांनी बायकोकडे असं बघितलं की ते बघणं काकूंना पुन्हा कधीच बघायचं नव्हतं. त्यानंतर जे जे झालं त्यावर त्या पांघरूण घालत राहिल्या. चार लोकांत आपल्या माणसाचं हसं होऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि रविवारी बूट चढवून झाडीत शिरले की काका पुन्हा पहिल्यासारखे व्हायचे. मान ताठ, पाऊल ठाम. आठवडाभर हरवलेला नवरा काकूंना तेवढ्यापुरता परत मिळायचा, लांबून का होईना.

आज सकाळीच लेकीचा फोन आला होता.

“आई, हा रविवार शेवटचा हं. लहान मुलं असतात बरोबर.”

“अगं, ती वाट त्यांच्या पायांना पाठ आहे.”

“पायांना असेल, डोक्याचं काय? चिटणिसांना तू सांगतेस की मी सांगू?”

“मी सांगते,” काकू म्हणाल्या. तेव्हा काका दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होते, आणि स्वतःशीच शीळ घालत होते.

“चला, उठू या का?” ओंडक्यावरच्या डॉक्टरच्या सासूबाई म्हणाल्या. तिघं उतारावरून खाली आली. झाडी संपून नदी दिसू लागते तिथे वाट फुटत होती. उजवी काठाने जाणारी, रुंद आणि सपाट. डावी वर चढणारी, जुन्या दगडाच्या खाणीकडे. खाणीला कठडा नव्हता आणि खाली खोल हिरवं पाणी साचलेलं होतं. फाट्यावर पाटी होती, बाणही होता, उजवीकडे दाखवणारा.

आणि पोरांचा गलका डावीकडून, वरून येत होता.

काकू जागीच थांबल्या. त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. पण मऊ मातीत बुटांचे ठसे उमटले होते, मोठे, छोटे, सगळे डावीकडे वळलेले. पाटी कुणीच वाचली नव्हती. वाचली असेल तरी काका पुढे आहेत म्हटल्यावर गप्प बसले असतील. इंजिन गेलं की डबे काही रूळ बघत नाहीत.

लेक बरोबर बोलत होती. एका माणसाचा मान राखण्यासाठी आपण इतक्या जणांची पोरं पणाला लावली, आणि तेही हसत हसत, गळ्यात शिट्टी अडकवून.

त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि श्वास पुरेल तोवर वाजवली.

“काय झालं काकू?” डॉक्टर दचकला.

“गुडघा,” असं म्हणून काकू खालीच बसल्या. दुसरं काही सुचलं नाही.

वरचा गलका थांबला. मग झाडीतून पावलं उतरू लागली. आधी मागची माणसं, मग मधली, मग धावत सुटणारी पोरं आणि त्यांच्यामागे “पडशील रे!” म्हणणाऱ्या आया. सगळ्यांत शेवटी काका, धापा टाकत. ते सरळ काकूंच्या समोर उकिडवे बसले आणि पाइपचा जोड तपासावा तसा त्यांनी डावा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला.

“इथे दुखतंय?”

“हो.”

“मग आता गं?”

“खालच्या वाटेने जाऊ या. सपाट आहे.”

काकांनी उजवीकडे बघितलं. नदीकडे, पाटीकडे, पुन्हा नदीकडे. त्यांचा चेहरा उतरला. अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं ते म्हणाले, “मी चुकलो का?”

“तुम्ही कसले चुकताय,” काकू तितक्याच हळू म्हणाल्या. “माझंच पाऊल चुकलं.”

काका उठले. “आज गार्ड पुढे,” त्यांनी मोठ्याने जाहीर केलं. “गाडी तिच्या वेगाने जाईल. मी मागे राहतो.” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

इतकी वर्षं या वाटेवर काकूंनी माणसांच्या पाठीच बघितल्या होत्या. आज समोर कुणीच नव्हतं. नुसती वाट, आणि बाजूला संथ वाहणारं पाणी. कुणालाही हेवा वाटावा असा देखावा होता, पण काकूंचा सगळा जीव मानेत गोळा झाला होता. दर थोड्या वेळाने त्या वळून बघत. रांगेच्या टोकाला काकांची टोपी दिसली की पुढचं पाऊल टाकत.

“काकू,” सासूबाई त्यांच्या कानाशी आल्या, “मघाशी डावा दुखत होता. आता तुम्ही उजव्याने लंगडताय.”

काकूंचं पाऊल अडखळलं. “दोन्ही दुखतात हो,” त्या म्हणाल्या. आणि ते काही खोटं नव्हतं.

“दुखायचेच. एकटीने ओढायचं म्हणजे दुखायचेच,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात अडकवून घेतला आणि जावयाच्या घोरण्याविषयी बोलायला सुरुवात केली, ती डबे उघडेपर्यंत.

वाळूवर काकांनी नेहमीसारखं संत्रं सोलून अर्धं काकूंना दिलं. चिटणीस जवळच ब्रेड खात बसले होते. काकूंनी संत्र्याची फोड हातातच ठेवली.

“चिटणीस, पुढच्या रविवारपासून दुसरी जोडी बघा. आम्हाला नाही जमणार.”

“अहो, असं काय! गुडघ्यामुळे?”

“हो. गुडघ्यामुळेच.”

“म्हणजे इंजिनही जाणार आमचं?”

“गार्डाशिवाय इंजिन कसं सोडायचं?” काकू म्हणाल्या. चिटणीस हसले. काका तोवर एका मुलीला पाण्यावर चपटा दगड कसा फेकायचा ते शिकवत होते, आणि तो दगड टप्पे घेत छान लांब गेला.

पलीकडच्या फाटकातून काकू सगळ्यांत आधी बाहेर पडल्या आणि बाकावर बसल्या. एकेक जण येत गेला. पोरं नळावर पाय धुवायला धावली, डॉक्टरने पिशव्या जमिनीवर टाकल्या. काकू मनातल्या मनात चेहरे ओळखत राहिल्या. सगळे आले होते, काकाही फाटकापर्यंत आले होते. पण ते बाहेर येईनात. फाटक एका हाताने धरून, सगळ्यांकडे पाठ करून, ते आत झाडीकडे बघत उभे होते.

“काका, या की! सगळे आले,” डॉक्टरने हाक मारली.

“कुठे आले? आमची ही यायचीय अजून.”

“काकू? त्या काय, बाकावर बसल्यात!”

“थट्टा नका करू डॉक्टर,” काका न वळताच म्हणाले. “गार्ड कधी पुढे असतो का? तिचा गुडघा दुखावलाय. येईल हळूहळू.”

डॉक्टर हसायला लागला आणि मध्येच थांबला. नळाशी उभ्या असलेल्या दोन-तीन बायकांनी माना वळवल्या.

काकू उठल्या. दहा पावलांवर तर होते ते. जावं, खांद्यावर हात ठेवावा, म्हणावं, अहो, ही काय मी इथे. मग ते वळतील. आणि कुलपापाशी बघितलं होतं तसं बघतील, या सगळ्यांच्या देखत.

“चला रे पोरांनो, बसमध्ये!” सासूबाई एकदम ओरडल्या. “खिडकीची जागा जाईल! डॉक्टर, तुम्ही काय बघत उभे? उचला पिशव्या!”

माणसं बसकडे वळली. काकू कुंपणाच्या कडेने थोडं मागे गेल्या. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दोन तारा वाकवून वाट केली होती. ओणवं होऊन त्यातून पलीकडे जाताना दोन्ही गुडघे ठणकले. झुडपांतून अंग चोरत त्या आत शिरल्या, वाटेवर आल्या, पदर सारखा केला आणि फाटकाकडे चालू लागल्या.

काकांना त्या दिसल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की काकूंना चालता चालता रडू आलं. ते त्यांनी गिळलं.

“किती वेळ लावलास गं,” काका म्हणाले. “लोक खोळंबलेत.”

“गुडघा हो. या, तुम्ही व्हा आधी.”

काका फाटकातून बाहेर गेले. त्यांच्यामागून काकू आल्या. काकांनी मान ताठ केली, नेहमीसारखी.

“सगळे आले?”

काकूंनी मागे वळून वाटेकडे बघितलं. वाट रिकामी होती.

“आले,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कडी लावली.