शेवटच्या काहिलीचा सोनेरी पाव

नोएलीचं नाक गुरुवारी सकाळी बंद झालं ते रविवार उजाडला तरी उघडायचं नाव घेईना. सकाळी उठल्या उठल्या तिने आईची अत्तराची बाटली हुंगली, मग कापलेला कांदा हुंगला आणि शेवटी मन घट्ट करून बाबांचा मोजासुद्धा हुंगला. मोजाही हरला, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मटकन बसली.

सर्दीचं एवढं कौतुक कोणी करत नाही. पण या घरात नोएलीचं नाक एकट्या नोएलीचं नव्हतं.

तिचे आजोबा रोझेर, म्हणजे सगळ्यांचे पेपेर, कॅनडातल्या बोसच्या टेकड्यांवर एक्केचाळीस वर्षं मेपलचं गुऱ्हाळ चालवत होते. बर्फ वितळायला लागलं की झाडांचा रस निळ्या नळ्यांतून गुऱ्हाळात यायचा, काहिलीत आटायचा आणि त्याचा पाक व्हायचा. तो पिंपात भरण्याआधी पेपेर चमचाभर चाखायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "भरा." एक्केचाळीस वर्षांत त्यांचं एकही पिंप तपासणीतून परत आलं नव्हतं. चर्चच्या पायऱ्यांवर म्हातारे त्यांना वाट द्यायचे ती त्या जिभेसाठी.

आणि दोन वर्षांपूर्वीच्या तापात ती जीभ गेली होती. वासही गेला, चवही गेली. पेपेरनी कोणाला सांगितलं नाही. नोएलीलाही नाही. एका संध्याकाळी पाक तळाशी लागला होता, इतका करपला होता की नोएलीला ठसका आला, आणि शेजारी उभे पेपेर डोळे मिटून म्हणाले, "मध आहे, मध!" नोएलीने काही न बोलता आपला चमचा कट्ट्यावर पालथा टाकला. पेपेरनी एकदा चमच्याकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि खाकरून म्हणाले, "थांबा रे, जरा करपट वाटतंय."

झालं. त्या दिवसापासून चमचा उताणा म्हणजे चांगला आणि पालथा म्हणजे वाईट. या विषयावर दोघांत एक शब्द कधी झाला नाही.

पहिलं वर्ष नोएलीला भारी मजा वाटली. पण तिला सतरावं वर्ष लागलं आणि फेब्रुवारीत, मैत्रिणीकडे जाते सांगून, ती क्वेबेक शहरात सर्कशीच्या शाळेची परीक्षा देऊन आली. टांगलेल्या दोरीवर चढणं, उलटं लटकणं, हात सोडून देणं. आणि ती पास झाली! ऑगस्टपासून तिकडेच राहायचं. कागदावर आईची किंवा बाबांची सही हवी होती आणि मुदत उद्यापर्यंत होती. कागद पंधरा दिवस गादीखाली पडून होता, कारण ती गेली तर वसंतात पेपेरच्या शेजारी चमचा कोण ठेवणार? आणि खरं सांगून टाकलं तर पेपेरचा मान जाणार आणि नोएलीची जीभ सगळ्यांना कळणार. मग तर तिला कायमचं काहिलीपाशी उभं करतील. इकडे आड, तिकडे काहील!

त्यात ही सर्दी. गुरुवारी शेवटचा रस आला. हवा उबदार होती, पाइनच्या झाडांखालचंही बर्फ गेलं होतं आणि डबक्यात बेडूक ओरडायला लागले होते. बेडूक ओरडले की मेपलच्या कळ्या फुगतात, आणि मग पाकाला कळीची चव येते. उकडलेल्या कोबीत ओला पुठ्ठा घातल्यासारखी. जिभेची खरी गरज त्याच दिवशी असते. नोएलीने चमचा तोंडात घातला. गरम. गोड. बास, पुढे भिंत. चमचा पालथा ठेवावा तर दिवसभराचा पाक ओतून द्यावा लागणार आणि का म्हणून सगळे विचारणार. तिने देवाचं नाव घेतलं आणि चमचा उताणा ठेवला. सकाळी तिने असं केलं, दुपारी केलं, संध्याकाळीही केलं. तीन पिंपं भरली. आणि उद्या, सोमवारी सकाळी, ती न्यायला ट्रक येणार होता.

"पाव कापलास का?" पेपेर पाकाची बरणी काखोटीला मारून आत आले. हंगामाच्या शेवटच्या रविवारी शेवटच्या काहिलीच्या पाकातला सोनेरी पाव करायचा, हा या घरचा रिवाज. फ्रेंच टोस्ट म्हणा हवं तर, पण पेपेरसमोर म्हणू नका.

नोएलीने दोन दिवसांचा शिळा पाव पुढे ओढला. शेजारी शेजारी दोन फुगीर गोळे असलेला हा पाव, याला अख्ख्या मुलखात कुल्लेपाव म्हणतात, अगदी पाद्रीबाबासुद्धा. ती बोटभर जाड काप करायला लागली. पेपेरनी परातीत सहा अंडी फोडली, त्यात दूध ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि गुरुवारचा पाक वाटीभर सोडून काट्याने फेटायला घेतलं.

आणि नोएली शिंकली. एकदा नाही, चारदा.

काटा थांबला. "सर्दी झाली?"

"थोडीशी."

"कधीपासून?"

नोएली अंड्यांकडे बघत राहिली. "गुरुवारपासून."

"गुरुवारी रात्रीपासून, असंच ना?"

"सकाळपासून."

पेपेरनी तिकडच्या रीतीने चर्चमधल्या तीन पवित्र वस्तूंची नावं घेऊन शिवी घातली. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "आणि चमचा उताणा ठेवलास! तीनदा!"

"मग काय करू? पालथा ठेवून काय सांगणार होतो आपण?"

"आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, पहिल्या काहिलीसारखा उतरलाय!"

"तेवढं नसतं म्हणालात तरी चाललं असतं, पेपेर."

म्हाताऱ्याला हसू फुटलं आणि लगेच मावळलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ही गोष्ट दोघांच्या तोंडून बाहेर पडली होती. दोघांत मिळून चार नाकपुड्या, आणि एकही कामाची नाही!

"तळघरातून मार्चचा पाक आणू?" नोएली कुजबुजली. "कोणाला कळणार नाही."

"आज नाही कळणार. उद्या ट्रकमध्ये पिंपं जातील त्यांचं काय?" पेपेरनी बरणी उजेडात धरली, डोळ्यांनी चव कळेल की काय अशी. "नाही. हाच पाक घालू, खाऊ घालू सगळ्यांना आणि तोंडं बघू."

"घरच्यांवर प्रयोग?"

"मग काय शेजाऱ्यांवर करू?"

लोखंडी तव्यावर लोणी फसफसलं. नोएलीने एकेक काप परातीत बुडवला. दूध पोटात मुरेपर्यंत दाबून धरला, मग तव्यावर टाकला. कडा तांबूस झाल्या की उलटायचा, वरून पाकाची धार सोडायची आणि पाक लोण्यात मिसळून चकाकायला लागला की उचलायचा. पाव दिसायला इतका देखणा होता! वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि त्या वाफेत काय होतं ते तिला कळत नव्हतं. एखादं पत्र हातात आहे आणि आपल्याला वाचताच येत नाही, तसं.

बाबा, म्हणजे रेजाँ, बूट झटकत आले. पाठोपाठ हुगेत आत्या आली, गावातून, लाल टोपी घालून. टेबल भिंतीला लागून होतं. नोएलीची जागा आतली. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला बाबा आणि पाठीशी भिंत. एकदा बसलं की सगळे उठेपर्यंत सुटका नाही.

बाबांनी तीन काप एकावर एक रचून खायला सुरुवात केली. पेपेर त्यांच्या जबड्याकडे एकटक बघत होते. पण बाबांचा काही उपयोग नव्हता. त्यांना बूट तळून वाढला तरी ते फक्त वर मोहरीची चटणी मागतील.

आत्याने एक घास घेतला आणि चावता चावता थांबली. मग गिळला.

"कसा झालाय?" पेपेरनी विचारलं.

"वा, पापा! यंदा काहीतरी... वेगळंच आहे."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे... रानातलं वाटतं!" आत्याने अर्धा पेला कॉफी घशाखाली ढकलली.

"आणखी एक घे ना."

"नको नको, डॉक्टरांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"कमी खा म्हणून!"

नोएलीने पेपेरकडे पाहिलं. पेपेरनी खांदे उडवले. आत्या चव सांगत होती की लाज राखत होती, कोणाला कळणार? एक्केचाळीस वर्षं ज्याला कोणी 'नाही' म्हटलं नाही, त्याला आज खरं सांगणार कोण?

तेवढ्यात दार उघडलं. आई, गिलेन, चर्चमधलं गाणं आटोपून आली होती. आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि रविवारी गायचं, हा तिचा क्रम. ती उंबरठ्यावरच थांबली. एक हात कोटाच्या बटणावर, आणि नाकपुड्या फुललेल्या.

"कळी," ती म्हणाली.

"काय?" बाबांनी भरल्या तोंडाने विचारलं.

आई कोट न काढता तव्याशी गेली, वास घेतला, तव्यावरचा चुरा जिभेवर ठेवला आणि रुमालात थुंकली. "गुरुवारचा ना हा? दुपारनंतरचा. सकाळचं पिंप ठीक असेल, पण नंतरची दोन गेली कामातून. साडेचारला बस लावून उतरले तेव्हा नुसत्या वाफेलाच हा वास होता."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"पेपेर चाखतात ना! मला कोण विचारतंय?" आई शांतपणे म्हणाली. "एकोणीस वर्षांत या घरातून मला एप्रन मिळाले चार. चमचा एकदाही नाही."

मग पेपेरनी काटा खाली ठेवला. "मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली. चाखत होती ही," आणि त्यांनी नोएलीकडे बोट केलं. "गुरुवारी हिचंही नाक बंद होतं. पिंपं मी भरायला लावली. चूक माझी."

बाबा काटा हातात धरून बसले. नोएलीला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण बाबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि ते कोसळण्यापेक्षाही वाईट होतं.

"दोन वर्षं? दोन वर्षं ही चाखतेय?" त्यांनी नोएलीच्या खांद्यावर हात टाकून तिला छातीशी ओढलं. "अहो पापा, मग रडताय कशाला? जीभ घरातच राहिली! माझी वाघीण! सर्दी काय, उद्या जाईल. कॉलेज काय, इथून बसने जाऊन येईल. पुढच्या वर्षी गुऱ्हाळाच्या पाटीवर हिचं नाव घालू!"

"माझं बाळ ते!" आत्याने डोळे पुसले आणि दुसऱ्या बाजूने मिठी मारली.

नोएली मधोमध. डावीकडे आत्याचा लोकरी स्वेटर, उजवीकडे बाबांचा दंड, मागे भिंत आणि पुढे टेबल. सगळे इतक्या प्रेमाने दाबत होते की तिला श्वास घेता येईना. नाक तर बंदच होतं. आता बोलली नाही तर ही पाटी रंगणार, आणि एकदा रंगली की पुसणार कोण?

"मी चाललेय," ती म्हणाली.

"कुठे, हात धुवायला?"

"क्वेबेकला. ऑगस्टमध्ये. सर्कशीच्या शाळेत. दोरीवरच्या कसरती. मी पास झालेय, उद्या शेवटची तारीख आहे." सगळं एका दमात आलं, कारण दुसरा दम घ्यायला जागाच नव्हती.

बाबांचा हात सैल झाला. "दोरीवर? अगं, दोरीवर कपडे वाळत घालतात!"

"तिथे वाघ असतात का?" आत्याने काळजीने विचारलं.

"नसतात, आत्या. हल्ली नसतात."

"आणि चाखणार कोण?" बाबांनी विचारलं. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज दुखावलेला होता.

उत्तर नोएलीच्या अगदी ओठांवर होतं, आणि ते कोट घालून तव्यापाशी उभं होतं. पण जो फास आपल्या गळ्यातून काढायचा, तोच उचलून आईच्या गळ्यात टाकायचा का? तिने दात घट्ट आवळले.

पेपेर उठले. म्हातारा गुडघा कुरकुरला. "गिलेन," ते म्हणाले, "तू लग्न होऊन आलीस त्याच वसंतात मी तुला विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

"आता विचारतो."

आईने तवा उचलून मोरीत ठेवला, पाणी सोडलं, बंद केलं. "सकाळी सहा ते नऊ बस असते आणि दुपारी दोन ते साडेचार. काहील मधल्या वेळात उतरली पाहिजे. आणि मी 'नाही' म्हटलं की नाही. मग टेबलावर बसून मतं द्यायची नाहीत."

"कबूल."

"पण गिलेन..." बाबांनी तोंड उघडलं.

"तू खा, रेजाँ." मग ती नोएलीकडे वळली. "कुठाय तो कागद?"

उठून वाट करून द्यायचं कोणाला सुचलं नाही. नोएली सरळ टेबलाखाली शिरली आणि आत्याच्या बुटांजवळून रांगत पलीकडे निघाली. जिना चढली, गादी उचलली आणि धडधडत खाली आली. आईने कागद उभ्यानेच वाचला, बारीक अक्षरांसकट.

"किती उंच असते दोरी?"

"सात मीटर."

"खाली जाळी?"

"गादी असते."

"किती जाड?"

नोएलीने दोन्ही हात पसरून दाखवली. होती त्यापेक्षा थोडी जास्तच. आईने तिच्या हातांकडे पाहिलं आणि सही केली. "दर रविवारी फोन करायचा. आणि पडलीस तर मला सांगू नकोस, पेपेरना सांग."

कोट अंगावर होताच. आई तशीच पिंपं बघायला बाहेर पडली, मागून बाबा आणि पेपेर. चिखलातून ती इतकी भरभर चालली होती की पेपेर ओरडले, "अगं बाई, जरा हळू! पिंपं पळून नाही जाणार!" ती थांबली नाही.

स्वयंपाकघरात आत्या आणि नोएली उरल्या. आत्याने बशी दूर सारली. "खरं सांग हं, मी जे गिळलं त्याने काही होत नाही ना?"

"काही नाही होत, आत्या."

नोएलीला एकाएकी सडकून भूक लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. तिने आत्याची बशी ओढली, मग बाबांचीही, आणि उरलेला सगळा सोनेरी पाव खाऊन टाकला. तिला तो मऊ लागला, गरम लागला आणि चांगलाच गोड लागला.