न वाचता केलेल्या सह्या

बायको ओडेट गेल्याचा फोन इस्पितळातून आला तेव्हा लॉर्न दारापुढचं बर्फ उपसत होता. ऐकून घेऊन त्याने पुन्हा फावडं उचललं आणि शेजाऱ्याचंही अंगण मोकळं करून दिलं. दुसरं काय करावं ते सुचेना.

ती नदीकाठच्या अणुप्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ होती, तो तिथेच लेथ यंत्रावर कारागीर. चाळिशीत तिने नोकरी सोडून कादंबऱ्या लिहायला घेतल्या, पण वही प्रयोगशाळेच्याच पद्धतीची राहिली. पानाला नंबर, तारीख. पान फाडायचं नाही. चुकलं तर खोडायला एकच रेघ. आणि तळाशी दुसऱ्या माणसाची सही: वाचलं, समजलं. ती सही लॉर्नची. जेवण झालं की वही पुढे यायची.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग सांग, पोस्टमन कशाने मेला?"

"तुझ्या हाताने. लिहिणारी तूच ना?"

ती हसायची, तो सही करायचा. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून डोळे मिटत असायचे. नंतर कबूल करायची लाज वाटू लागली.

महिन्याभराने टोरांटोहून तिच्या संपादक थियाचा फोन आला.

"लॉर्न, नव्या कादंबरीला दोन शेवट आहेत. एकात बाई घरी परतते, एकात नाही. रेघ कशावरच नाही. ओडेट म्हणायची, अडलं तर लॉर्नला विचार, त्याची प्रत्येक पानावर सही आहे."

"सही आहे. वाचलेलं नाही."

"काहीच?"

"पहिल्या वहीचं पहिलं पान वाचलं होतं. बरं होतं."

"कमाल आहे तुमची. मग मी छापू काय?"

"ईस्टरपर्यंत थांब."

ओडेटला काय हवं असेल ते कळायला तिचं सगळं वाचायला हवं, म्हणून त्याने पहिल्या वहीपासून सुरुवात केली. भिंग घेऊन दिवसाला दहा-बारा पानं व्हायची. तिसऱ्या वहीत, एका लग्नाच्या वर्णनात मधेच एक ओळ होती: लॉर्न, हे वाचत असशील तर उद्या मासे आण.

तारीख एकतीस वर्षांपूर्वीची. खाली त्याची सही. मासे आणल्याचं त्याला आठवेना. दुसऱ्या दिवशीच्या पानावरही तारीख होती, नंबर होता, त्याची सही होती. तिने वही पुढे सरकवणं थांबवलं नव्हतं.

ईस्टर होऊन गेला. अकरा वह्या वाचायच्या राहिल्या आहेत, आणि थियाला उत्तर द्यायचं आहे.