शेवटचा नंबर

दुपारपर्यंत बाईंचा घसा पार बसला होता. वाचायचं मुलांनी, पण "घाबरू नकोस, सावकाश वाच" हे प्रत्येकाला सांगायचं त्यांनी. वाचन-तपासणी म्हणजे एकेकाला टेबलाशी बोलवायचं, तोच एक उतारा मोठ्याने वाचून घ्यायचा आणि जे अडखळेल त्याला मदतवर्गात घालायचं. हा मदतवर्ग मोठ्या बाईंच्या डोळ्यांत खुपत होता. "यंदा तिथं कुणी उरलं नाही पाहिजे, वर्गच बंद करून टाकू," असं त्या सकाळीच बजावून गेल्या होत्या.

बाईंची एक रीत होती. कच्ची मुलं आधी बोलावली की बावरतात, म्हणून त्यांना शेवटी घ्यायचं. तोवर ती टेबलाजवळच्या बाकावर निवांत बसतात. आपल्या या मायेचं बाईंना थोडं कौतुकही होतं, खोटं कशाला बोला!

सगळ्यांत शेवटी आली चिमणी. वर्षभर अक्षरांशी हिचा छत्तीसचा आकडा. पण आज बसली आणि धडाधड सुरू झाली, "माळ्याची बादली विहिरीत पडली..." कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. बाईंचा शीण पळाला. वर्षभर घसा फोडला तो वाया गेला नव्हता! आनंदाच्या भरात त्यांचं कोपर लागून उताऱ्याचा कागद खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या, तरी वरून आवाज येतच होता, "...माळी म्हणाला, आता दोर आणा."

कागद बाईंच्या हातात होता आणि मुलगी रिकाम्या टेबलाकडे बघून वाचत होती.

सकाळपासून अख्ख्या वर्गाने ती बादली त्या बाकाच्या कानाशी पाडली होती! बाईंनी दुसरा उतारा पुढे ठेवला.

चिमणी म्हणाली, "बाई, हा अजून कुणी वाचला नाही."

"तू वाच ना."

"आधी दुसरं कुणीतरी वाचतं, मग मी. सगळे असंच वाचतात ना?"

लबाडी असती तर रागावता तरी आलं असतं. तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. "झालं का? उरलं का कुणी?"

"बाकावरची सगळीच," बाई म्हणाल्या. "पुन्हा तपासावी लागतील. चूक माझीच. वर्ग बंद करता येणार नाही."

मोठ्या बाई तोंड वाकडं करून निघून गेल्या. चिमणीने बाईंचा पदर ओढला. "पण मी पास ना? आईला सांगितलंय मी."

बाईंना "नाही" म्हणवेना. त्यांनी दुसरा उतारा बाजूला सारला, हातातला बादलीचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. "ही कुठली गोष्ट आहे, सांग बरं?"

चिमणीने मन लावून कागद न्याहाळला.

"हीपण कुणी वाचली नाही, बाई."