ओल्या खात्यातली मुलगी

धुलाईच्या त्या कारखान्यात दोन खाती होती, ओलं आणि कोरडं. ओल्या खात्यात इस्पितळांच्या चादरी यायच्या, रक्तासकट, उलटीसकट, आणि तिथल्या बाया त्या हातांनी वेगळ्या करून मशिनात कोंबायच्या. कोरड्या खात्यात त्याच चादरी गरम रोलरखालून कडक होऊन बाहेर पडायच्या आणि दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून त्यांच्या घड्या घालायच्या. या सगळ्यांच्या डोक्यावर, काचेच्या आड, ऑफिस. दोघी बहिणींतली धाकटी तिथली. बिलं करायला म्हणून लागली, हळूहळू हिशेबाची साहेबीण झाली, आणि आता अख्ख्या कारखान्याची मुख्य होणार होती.

मुख्य व्हायला गोष्ट लागते हे तिला माहीत नव्हतं. ते मोठ्या साहेबांनी सांगितलं. "आकडे तुम्हाला येतात हो. पण खाली एवढी माणसं आहेत. तुम्ही कोण, कुठून आलात, हे त्यांना कळायला नको?" आणि त्यांनी एक माणूस आणून दिला. नव्या साहेबलोकांना स्वतःचीच गोष्ट सांगायला शिकवणं हा त्याचा धंदा. खालच्या बायांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव गोष्टीवाला ठेवलं.

गोष्टीवाल्याने विचारलं, "लहानपणी घरी काय परिस्थिती होती?"

धाकटीने सांगितली. वडील गेले, आईने अंथरूण धरलं. ताईने शाळा सोडली आणि ओल्या खात्यात कामाला लागली. तिच्या पगारावर घर चाललं, धाकटीचं कॉलेज झालं.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी अभ्यास केला."

गोष्टीवाल्याने पेन खाली ठेवलं. "अभ्यास सगळेच करतात हो. तुम्ही खाली कधी कामच केलं नाहीत?"

"एका सुट्टीत केलं. ताईला कावीळ झाली होती. तिची जागा जाऊ नये म्हणून दोन आठवडे मी उभी राहिले."

"आता कसं बोललात," तो म्हणाला आणि त्याने पेन पुन्हा उचललं.

त्या दोन आठवड्यांचे आधी 'ते दिवस' झाले. पुढच्या बैठकीत 'ती वर्षं' झाली. ताई पहिल्या वाक्यात होती, ती शेवटच्या वाक्यात गेली, मग तिथूनही गेली. "दोन माणसं आली की ऐकणाऱ्याचं लक्ष फुटतं," गोष्टीवाला म्हणाला. "यात खोटं काय आहे? घर एकच, हाल एकच. तुम्ही भोगलेच ना?"

भोगले होते. नाही कसं म्हणणार? लुटायला दर वेळी सुराच लागतो असं थोडंच आहे? समोर पाण्याचा ग्लास ठेवून, अहो-जाहो करूनही माणसाला लुटता येतं. इथे तर लुटणारीलाच शिकवणी लावली होती, आणि फी कारखाना भरत होता.

"त्या चादरींवर कुणाचं रक्त आहे मला माहीत नसायचं. मी धूत राहायचे." इथे थांबायचं, असं ठरलं. पहिल्यांदा हे वाक्य म्हणताना धाकटीचा आवाज खरोखर फुटला. गोष्टीवाला खूश झाला. पुढे कितीदा म्हटलं तरी तो फुटेना, तेव्हा कुठे फोडायचा हे त्याने शिकवलं. तोवर तिच्या आत काही हलायचं बंद झालं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपला गाल कसा असतो? आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं.

सभेच्या आदल्या दिवशी ती ताईकडे गेली. ताई आता कोरड्या खात्यात घड्या घालायची. ओल्या खात्याने तिची पाठ खाल्ली होती.

"या मुख्यसाहेब," दाजी म्हणाले. "खुर्ची पुसून देऊ का?"

"गप बसा हो. तिला आधीच धडधडत असेल," ताई म्हणाली.

"ताई, उद्या भाषणात घरचं जुनं सांगणार आहे. ओल्या खात्याचं. तुझंही येईल त्यात."

"शी. तो वास सांगणार आहेस सगळ्यांना?" पण ती हसत होती. "सांग बाई. अहो, ऐकलंत का? उद्या माझं नाव माईकवरून येणार आहे."

"माईकवाल्याला आधी सांगून ठेवा," दाजी म्हणाले. "हिचं नाव घेतलं की बंद पडायचा."

बोलायची वेळ तीच होती. ताई, नाव नाही येणार, नुसते हाल येणार, एवढंच म्हणायचं होतं. धाकटीने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघाली.

सभा माल उतरवायच्या शेडमध्ये होती. ताई पुढे बसली होती, केस नीट बांधून, ठेवणीतल्या चपला घालून. शेजारी तिची घडीची जोडीदारीण. ताईने तिला सांगून ठेवलेलं दिसत होतं, कारण वडिलांचं आलं तशी जोडीदारणीने ताईला कोपर मारलं. शाळा सुटली की मी दप्तर गेटावर टाकून आत पळायचे, असं धाकटी म्हणाली, तेव्हा पुन्हा मारलं. नंतर मारायचं बंद केलं. ताई मात्र वाट बघत राहिली. आपलं नाव आता येईल, पुढच्या वाक्यात येईल, असा तिचा चेहरा होता. धाकटी ठरल्या जागी थांबली, ठरल्या जागी आवाज फुटला. बाया डोळे पुसायला लागल्या.

टाळ्या पडल्या. कुणाला काही विचारायचंय का, असं मोठे साहेब म्हणाले. उत्तर नको असतं तेव्हा विचारतात तसं. तर बॉयलरवाले काका उठले. जुना माणूस, मनात काही वाकडं नाही.

"पोरी, एक सांग. तेव्हा वाफ मीच सोडायचो. ओल्या खात्यात तर तुझी ताई होती ना? तू आपली गेटावर डबा घेऊन यायचीस, वेण्या घालून."

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. धाकटीने गोष्टीवाल्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

ताई उठली. "काका, वय झालं तुमचं. दोघी होतो आम्ही. एक दिवस ती, एक दिवस मी. तोंडाला फडकं बांधल्यावर तुम्हाला काय ओळखू येणार?"

हशा पिकला. "असेल बाई, असेल," म्हणत काका बसले.

धाकटी वाचली. हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. लाजही वाटली नाही. ती पुढच्या मुद्द्यावर गेली. नव्या पाळ्या येणार होत्या, रविवारची सुट्टी आता सगळ्यांना मिळणार नव्हती. बायांचे डोळे अजून ओले होते, त्यात तेही खपून गेलं. गोष्ट कशासाठी हवी होती, ते तेव्हा कळलं. कळूनही तिने पुढचं पान उलटलं.

दुपारी केबिनच्या दारावर टकटक झाली. ताई होती.

"तू कशाला दार वाजवतेस?"

"सगळे वाजवतात." ताई खुर्चीच्या कडेवर बसली. "मला नदीपलीकडच्या शाखेत टाक."

"तिकडे नुसतं ओलं खातं आहे, ताई."

"माहीत आहे."

"तुझी पाठ..."

"पाठीचं मी बघते. इथे कशी राहू ते सांग. खाली गेल्यागेल्या चौघीजणींनी धरलं. तुमची पाळी कशी ठरायची, ही कुठे उभी राहायची, हिला कधी भाजलं का. मी दिलं काहीतरी ठोकून. उद्या परत विचारतील. रोज नवीन कुठून आणू? मला कुणी शिकवणी लावलेली नाही."

"मग उठलीस कशाला? बसून राहायचंस."

"तुझं तोंड बघवेना."

काचेपलीकडे शेड दिसत होती. माईक अजून जागेवर होता, दोघेजण खुर्च्या गोळा करत होते. बाया पाळी बदलायला जमल्या होत्या. जिना उतरला की झालं.

"खाली जाऊन खरं सांगू का?" धाकटीने विचारलं.

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. "मला काय विचारतेस? मुख्य तू आहेस."

धाकटी वाट बघत बसली, आपल्याला काही वाटेल म्हणून. खाली एकाने माईक काढला आणि वायर कोपराभोवती गुंडाळायला घेतली. पूर्ण गुंडाळून होईपर्यंत ती बघत होती.

"सोमवारपासून चालेल?" ती म्हणाली.

"चालेल."

मुख्य म्हणून तिची पहिली सही त्या बदलीवर झाली. सही चांगली आली.

"घरी ह्यांना मी सांगते," ताई दारात म्हणाली. "तू नको सांगूस. तू फार चांगलं सांगतेस."