मारुतीनं धरलेला चाप

बन्सीधरच्या घरच्या बंदुकीनं कधी चिमणी मारली नाही, पण तिच्या जोरावर त्याच्या घराण्यानं सदतीस वर्षं गावात मिशीला पीळ भरला. चुडावा स्टेशनापासून कोसभर आत असलेल्या गावात एवढा मान पुष्कळ झाला.

अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. धान्य न्यायला आलेल्या निजामाच्या एका रझाकारानं मारुतीच्या पारावर बंदूक रोखली. सगळं गाव पांगलं. बन्सीधरचा बाप आश्रुबा तेवढा पुढं झाला, नळी धरून आपल्याच छातीला लावली आणि म्हणाला, "हान!" रझाकारानं चाप ओढला. नुसतं टक् झालं, बार काही उडाला नाही. रझाकार बंदूक टाकून तुरीच्या वावरातून जो पळाला तो पळालाच. आता मारुतीच्या समोर बार उडाला नाही म्हणजे चाप कुणी धरला, हे काय सांगायला पाहिजे?

बंदुकीची देवपूजा त्याच दिवशी सुरू झाली. दर खंडेनवमीला तेल आणि शेंदूर. आश्रुबानं आण घेतली, "मारुतीनं धरलेला चाप मानसानं वढू न्हाई." त्यामुळं चाप कुणी ओढला नाही आणि शेंदूर मात्र बोटभर चढला. पुढं लाकडी दस्त्याला वाळवी लागली, तर मुंजाजी सुतारानं बाभळीचा ठोकून दिला. दर निवडणुकीला लायसनची बंदूक पूर्ण्याच्या ठाण्यात जमा करावी लागे. आश्रुबा ती गोधडीत गुंडाळून पॅसेंजरनं न्यायचा. एकदा नळी डब्याच्या दारात अडकली आणि गार्डानं शिव्या दिल्या, म्हणून लोहाराकडं नेऊन वीतभर कापून आणली! धन्य ते लोक.

मागल्या साली आश्रुबा गेला. यंदा, पंच्याऐंशीत, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंड्यासाठी शाळेपुढं नवा ओटा बांधला. ओट्यावर आश्रुबाचं नाव कोरायचं, असं बन्सीधरच्या मनानं घेतलं. अन्न गोड लागेना त्याला. पण सरपंच दिनकररावाला तिथं आपल्या बापाचं नाव हवं होतं.

"बन्सी, बंदूक लढाईतली हाय का नांदेडच्या बाजारातली, कुनाला मालूम?" दिनकरराव म्हणाला. "जानता मानूस बोलवू. वळख पटली तर तुह्या बापाचं नाव, न्हाई तर मपल्या."

"बोलवा की! आमी काय भेतो व्हय?" बन्सीधर म्हणाला.

परभणीहून दत्तोपंत आले. पोलिसांच्या हत्यारखान्यात तीस वर्षं बंदुका दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. बोलणं कमी, पान जास्त. पारावर पोतं अंथरून त्यांनी बंदूक घेतली आणि चष्मा कपाळावर सारला.

"ही बंदूक आहे की म्हसोबा?"

"देव हाय त्यो," बन्सीधर म्हणाला.

"असेल. पण शेंदराखाली शिक्का असतो, तो वाचल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही."

झालं! गाव दोन तोंडांनी बोलायला लागलं. देवाचं कवच उतरवावं का उतरवू नये? शेवटी बन्सीधरची म्हातारी माय, कडूबाई, घरातून उलथणं घेऊन आली. तिनं नारळ फोडला, "मारुतीराया, माफी कर" म्हणाली आणि थालीपीठ उलटावं तसा शेंदूर खरवडायला लागली. लालभडक खपल्या पोत्यावर पडल्या. पाटीभर निघाल्या.

दत्तोपंतांनी रॉकेलच्या चिंधीनं लोखंड पुसलं. "नळी विलायती. पलटणीची रायफल, पहिल्या महायुद्धाच्या वेळची. दस्ता कुठल्या कारखान्याचा?"

"मुंजाजीचा," कुणीतरी बोललं.

"आणि नळी कुठल्या गाढवानं कापली?"

सगळे बन्सीधरकडं बघायला लागले. बन्सीधरला मात्र आनंदानं काही सुधरेना. पलटणीची रायफल! तो दिनकररावाकडं असा बघायला लागला, जसा काही पोळ्याला पहिला मान त्याच्याच बैलाला मिळाला.

तेवढ्यात पंतांनी खटका मागं ओढून आतली दांडी बाहेर काढली, नळीच्या बुडाशी बोट फिरवलं आणि खो खो हसायला लागले.

"अहो, हिला बुडाशी भोक पाडलंय आरपार. हे बघा, बार उडवणाऱ्या खिळ्याचं टोकसुद्धा घासून काढलंय. वर शिक्का आहे, कवायतीपुरती. म्हातारी झालेली रायफल मुद्दाम निकामी करतात आणि शिकाऊ पोरांच्या हातात देतात, डावं-उजवं करायला. हिच्यातून बार उडणं शक्यच नव्हतं. मारुतीला उगाच त्रास दिलात तुम्ही."

"किंमत?" दिनकररावानं विचारलं.

"लोखंडाच्या भावानं पंचवीस रुपये. दस्ता चुलीत घाला, दोन कप चहा होईल."

गाव फिस्सकन हसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं बन्सीधरला झालं. कळायला लागल्यापासून त्यानं आल्यागेल्याला, सोयऱ्याधायऱ्याला ही गोष्ट सांगितली होती. आता बाप वर गेला आणि त्याच्या नावाची अशी माती झाली. दिनकरराव गवंड्याला हाक मारायला उठलासुद्धा.

"दिनकरा, बस खाली," कडूबाई म्हणाली. उलथणं अजून तिच्या हातात होतं, त्यामुळं तो बसला. "पंत, मला अडानीला येक सांगा. ही उडत न्हाई, ह्ये त्या रझाकाराला ठावं आसंल का?"

"असणारच. रोज तिच्यावरच कवायत करत असेल."

"म्हून त्यो पळाला. बंदूक रोखली की मानूस बसतंया खाली, ह्ये त्याला ठावं व्हतं. आमचं मालक बसले न्हाईत. नुसतं टक् झालं, सोंग उघडं पडलं, मंग उभा कशाला ऱ्हाईल?" म्हातारीनं उलथणं पोत्यावर टेकवलं. "पर ह्यांला कुठं ठावं व्हतं? ह्यांच्या हिशेबी बंदूक भरल्यालीच व्हती. मारुती मधी पडंल, ह्ये बी ठावं न्हवतं. तरी छातीला लावली."

पंतांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं.

जन्मभर बन्सीधर मारुतीचीच करामत सांगत आला होता. बाप त्या गोष्टीत नुसता उभा असायचा. आज मारुती बाजूला झाला आणि बाप एकटा दिसला, पंचवीस वर्षांचा, नळी दोन्ही हातांनी धरलेला.

"काकू," दिनकरराव खाली बघत म्हणाला, "मपला बाप त्या दिवशी कुठं व्हता वो?"

"कडब्याच्या गंजीत," कडूबाई म्हणाली. "मी बी तिथंच व्हते. सारं गाव तिथंच व्हतं, बाबा."

दिनकरराव उठला, शाळेकडं चालत गेला आणि गवंड्याला म्हणाला, "आश्रुबा लिव्ह. मोठं लिव्ह."