पुढचं ताई सांगायची

ताई गेल्याला पाच महिने झाले. तेवढ्या काळात तिच्या धाकट्या बहिणीनं सहा पुस्तकं वाचली आणि सहाही पुस्तकांवर ती मनापासून चिडली.

या धाकटीला घरात सगळे किडा म्हणायचे. पुस्तकात डोकं घातलं की घराला आग लागली तरी हिला कळायचं नाही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार घेतला. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर वहीत तारीख टाकून दोन ओळी खरडायच्या, कुणाची भीडभाड ठेवायची नाही, हा तिचा नेम.

ही सहा पुस्तकं नवी नव्हती. लहानपणी वडिलांच्या नावावर ग्रंथालयाचं एकच कार्ड होतं आणि पुस्तक तीनच दिवस मिळायचं. म्हणून बहिणींनी वाटणी केली होती. पहिलं अर्धं किडा वाचणार आणि ताईला सांगणार. उरलेलं अर्धं ताई गच्चीवर एकटी बसून वाचणार आणि रात्री अंथरुणात किडाला सांगणार. दुसरीच्या वाट्यात डोकवायचं नाही, अशी शपथ होती. ताई असं काही सांगायची की डोकवायची गरजच पडली नाही.

आता ताई नाही म्हटल्यावर किडानं ती पुस्तकं पुन्हा काढली, यावेळी अख्खी वाचायला. पण निम्म्यावर आली की दरवेळी कानाशी तोच आवाज यायचा. "आता बस. पुढचं मी सांगते." इतका स्पष्ट, की ती मान वळवून मागे बघायची. मागे कपाट असायचं, दुसरं कोण असणार? तरी अंगावर काटा यायचा तो यायचाच.

आणि पुढचं वाचावं, तर ते भलतंच.

वहीत तिनं लिहिलं होतं: 'दीपगृहाची कादंबरी. ताईच्या गोष्टीत मुलगी होडीनं परत येते, बापासाठी लोकरीचे मोजे घेऊन. इथे मुलगी येतच नाही. लेखकाला काळीज नाही.' त्याखाली: 'घड्याळजीची कादंबरी. ताईच्या गोष्टीत तो सुटतो आणि बायको त्याला मोजे देते. इथे तो तुरुंगात मरतो. मोज्यांचं नाव नाही.' ताईच्या प्रत्येक शेवटात कुणीतरी कुणाला मोजे द्यायचंच.

ग्रंथपालाकडे जाऊन ती भांडलीसुद्धा. "ही आवृत्ती वेगळी आहे. जुनी काढा."

"बाई, हीच जुनी," तो बिचारा म्हणाला. सातवं पुस्तक मात्र त्यानं तळघरातून शोधून आणलं आणि टेबलावर ठेवता ठेवता हसला. "हे तर कुणी पुरतं वाचलेलंच दिसत नाही."

पुस्तक जुन्या बांधणीचं होतं. पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या असायच्या आणि वाचणाऱ्यानं त्या सुरीनं कापत पुढे जायचं. पहिली नव्वद पानं कापलेली होती, वेडीवाकडी, किडाच्याच हातची. पुढची सगळी जशीच्या तशी बंद होती. मागच्या चिठ्ठीवर एकच नोंद होती, वडिलांच्या कार्डाची.

आधी तिला हसू आलं. आळशी कुठली! गच्चीवर बसून नुसत्या थापा रचत होती. मग घरी येता येता हसू मावळलं. ताईनं शाळा लवकर सोडली, कारण तिचं म्हणे घरकामात लक्ष होतं. पुढे लग्नाची पत्रिका असो, औषधाची डबी असो, ताईचं एकच पालुपद: "वाच ग जरा, चष्मा घरी राहिला." चाळीस वर्षं एखाद्या बाईचा चष्मा घरीच कसा राहतो? दुसऱ्यांच्या ओळींतला चुकलेला काना पकडणाऱ्या किडाच्या नजरेतून सख्खी बहीण सुटली होती. ताईला वाचताच येत नव्हतं.

जिन्यात तिनं कठडा घट्ट धरला. कारण आता तिला ती दुपार आठवली.

ताई दारात उभी होती, हातात इस्पितळाचं पत्र. "बघ ग काय लिहिलंय. चष्मा राहिला घरी."

"अगं, शेवट आलाय! चाळीस पानं राहिलीत. घरी जाऊन तूच बघ ना."

ताई थोडा वेळ थांबली आणि गेली. दोन दिवसांनी किडानं फोन केला, तेव्हा ताई खुशीत होती. "काही नाही ग. सगळं छान आहे म्हणतात. पुढच्या वर्षी या. आणि पाय गार पडतात ना, तर लोकरीचे मोजे घाला, असं लिहिलंय."

किडानं घरात शिरल्या शिरल्या वही काढली. त्या दुपारच्या तारखेखाली तिच्याच अक्षरात होतं: 'शेवट फसलाय. वेळ फुकट गेला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावजींकडे गेली. ताईचे यजमान गॅलरीत एकटेच बसून पेपर वाचत होते, मोठमोठ्यानं. तिला बघून ओशाळले.

"सवय लागलीय. रोज म्हणायची, मोठ्यानं वाचा, तुमच्या आवाजात बातमी बरी वाटते." मग चेहरा कडक झाला. ताई गेल्यापासून तो तसाच व्हायचा. "आठ दिवसांत या, असं स्पष्ट लिहिलं होतं त्या पत्रात. वाचलं आणि कपाटात टाकलं. मला एका शब्दानं बोलली नाही. मला सोडून जायचं ठरवूनच बसली होती."

त्या दुपारची गोष्ट मनातच ठेवली असती तर किडाकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

"भावजी, ताईनं ते पत्र वाचलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. हे तुम्हाला कळू नये म्हणून ती ते पत्र माझ्याकडे घेऊन आली होती. आणि मी पुस्तक वाचत होते."

भावजींनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग उठून आत गेले, पत्र घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवलं.

"तुझ्याकडे आणलं होतं ना? मग वाच."

किडा मोठ्यानं वाचू लागली. ताईचं नाव, वय, तपासणीची तारीख. निम्म्यावर आली आणि कानाशी आवाज आला. "आता बस. पुढचं मी सांगते."

पण किडा थांबली नाही. आठ दिवस, दुसरी तपासणी, उशीर करू नये, खाली डॉक्टरांची सही, सगळं तिनं वाचलं. पत्रात मोजे कुठेच नव्हते.