बिनधुराचा स्टोव्ह

वादळाने तारा तोडल्या, विजेमागोमाग गॅसही गेला आणि सगळी इमारत थंडीने काकडायला लागली, तेव्हा ताईचा धाकटा भाऊ टोळ स्टूल घेऊन माळ्यावर चढला. खरं म्हणजे त्याने स्टूलवरही चढायला नको होतं. जिना चढतानासुद्धा तो दर मजल्यावर थांबायचा आणि कुणी बघतंय असं वाटलं की बुटाची नाडी बांधतोय असं दाखवायचा.

"उतर आधी खाली! मी काढते," ताई ओरडली.

"तुला सापडणार नाही. तू आवरलेल्या घरात देवालाही काही सापडत नाही."

टोळ हे नाव ताईनेच पाडलेलं, तो शाळेत जायच्याही आधी. हातपाय लांबच लांब, अंगावर मांस नावाला नाही, आणि एका जागी बसणं ठाऊक नाही. पुढे तो डोंगरांत वाटाड्या झाला. लोकांना शिखरावर न्यायचा आणि धडधाकट खाली आणायचा, तेव्हा ते नाव त्याला शोभायलाही लागलं. मग फुप्फुसांनी दगा दिला. दोन पाठपिशव्या घेऊन तो ताईकडे राहायला आला. आईवडील कधीच गेले होते, ताईने लग्न केलं नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं. निदान दोघं एकमेकांना तसं सांगत तरी होती.

माळ्यावरून त्याने एक कापडी पिशवी काढली. आत घडी होणाऱ्या पायांचा, ओंजळीत मावेल एवढा स्टोव्ह होता, आणि पंप बसवलेली एक बाटली. टोळाने स्टोव्ह सदऱ्याला पुसला, इंधन येतं त्या जेटचं बारीक भोक पिनेने साफ केलं आणि उजेडाकडे धरून बघितलं. कितीतरी महिन्यांत त्याचा चेहरा इतका खुललेला ताईने पाहिला नव्हता.

"यात घालायचं काय?" तिने विचारलं.

"स्पिरिट चालत नाही. चाललं असतं तरी त्याची धग म्हणजे म्हाताऱ्याची फुंकर. पंपावरचं पेट्रोल नको. त्यात गाड्यांसाठी काय काय कालवलेलं असतं, जेट तुंबतं आणि डोकं धरतं. रॉकेल आण. कोपऱ्यावर मिळेल. सांडलं तरी लगेच भडकत नाही. फक्त बर्नर तापेपर्यंत धूर काढतं आणि वास घरभर राहतो."

"धूर? तुझ्या छातीला धूर? शहाणाच आहेस."

ताई ड्रायक्लीनरकडे कामाला होती. कोटांच्या कॉलरींवरचे तेलकट डाग काढायला तिथे पांढरं पेट्रोल वापरत. पाण्यासारखं नितळ, डाग उडवून स्वतःही उडून जाणारं. तिचं नाक त्या वासाला इतकं सरावलं होतं की तिला तो येतही नसे.

"आमच्याकडचं पांढरं चालेल?"

"चालेल काय, पळेल!" टोळ म्हणाला. "वर आम्ही तेच वापरायचो. निळी ज्योत, काजळी नाही. पेटलं की वासही नाही. पण ताई, ते फार भडक डोक्याचं. स्टोव्ह गरम असताना बाटली उघडायची नाही. आणि काहीही जाळलं तरी खिडकी बोटभर उघडी पाहिजे. आम्ही तंबूचं दारसुद्धा उघडं ठेवायचो."

"वास नाही ना? मग झालं," ताई म्हणाली.

मालकाने डबा भरून दिला. वर, "कोटांना पुरेल एवढं ठेवा हो," असा विनोदही केला. टोळाने पंप मारला, काडी लावली, स्टोव्ह आधी पिवळा भडकला, मग फुरफुरत निळा झाला. पहिला चहा दोघांनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून प्यायला. चहा पिता पिता टोळाने डोंगरातली एक गोष्ट सांगितली. एका जाड्या गिऱ्हाइकाने बर्फात स्वतःचीच पावलं पाहून, आपल्या मागावर कुणी आहे म्हणून आरडाओरडा केला होता. ताई हसता हसता ठसकली. बोटभर उघड्या खिडकीतून वारा आत येत होता, पण त्या वेळी तो कुणाला बोचला नाही.

नंतर मात्र बोचायला लागला. टोळाचा खोकला वाढला. तो खोकायचा, वाकायचा, आणि भिंतीला हात टेकून श्वास परत यायची वाट बघायचा. ताई त्याला स्टोव्हवर पाणी उकळून वाफ द्यायची. वाफेने छाती मोकळी व्हायची आणि खिडकीतल्या वाऱ्याने पुन्हा धरायची. दवाखान्यात जागा नव्हती. वादळात सापडलेली माणसं तिथे जमिनीवर झोपवली होती. "ऊब द्या, वाफ द्या," एवढं सांगून त्यांनी दोघांना परत पाठवलं.

एके दिवशी सकाळी टोळाचे ओठ निळसर दिसले. स्टोव्ह बंद होता. ताईने उठून खिडकी लावली, आणि फटीतूनही वारा येतोय म्हणून जुना टॉवेल गुंडाळून त्या फटीत घट्ट कोंबला.

"मी येईपर्यंत राहू दे. स्टोव्ह पेटवलास तर टॉवेल काढ आणि खिडकी उघड. ऐकलंस ना?"

"हो गं आई," टोळ म्हणाला. चिडवायचं असलं की तो तिला आई म्हणायचा.

"हसू नकोस. परत सांग काय करायचं ते."

"टॉवेल काढायचा, खिडकी उघडायची, ताईला शरण जायचं."

दुकानात जनरेटर होता, आणि दवाखान्याच्या चादरी ढिगाने आल्या होत्या. तिला जावंच लागलं. गरम इस्त्रीच्या वाफेत दिवसभर उभं राहताना तिला लाजच वाटत होती, की आपण इथे ऊब खातोय आणि तो तिकडे कुडकुडतोय. मालकाला विचारून ती जरा लवकर निघाली. घरी जाऊन आधी त्याला वाफ द्यायची, मग सूप करायचं, असं मनाशी ठरवत ती जिना चढली.

दार उघडताच तिला बरं वाटलं. घरात ऊब होती.

टोळ स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता, गुडघ्यांवर पांघरूण घेतलेलं. स्टोव्ह इंधन संपून विझला होता. त्यावरच्या पातेल्यात पाणी कोमट होतं. त्याचे ओठ आता निळे नव्हते. गालांवर छान लाली होती. कसा बरा दिसतोय, असंच ताईला आधी वाटलं. तिने हाक मारली. मग खांदा हलवला. मग टॉवेल उपटून खिडकी सताड उघडली आणि इतक्या मोठ्याने किंचाळली की खालच्या मजल्यावरची वहिनी पिठाच्या हातांनी धावत वर आली.

डॉक्टर तरुण होते आणि फार थकलेले होते. बंद खोलीत स्टोव्ह जळत राहिला की विषारी वायू साठतो, असं त्यांनी सांगितलं. त्याला रंग नाही, वास नाही; गालांवरची ती लाली त्याचीच. माणसाला सुस्ती येते, त्याला वाटतं जरा पडावं, उठू मग.

"त्याला माहीत होतं हो सगळं," ताई म्हणाली. "त्यानेच तर मला शिकवलं."

"माहीत असतं, पण थंडी असते. वाटतं, पाणी गरम होईपर्यंतच तर पेटवायचाय."

"रॉकेल असतं तर?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा विचारला.

"वायू रॉकेलचाही होतो," ते म्हणाले. "पण धूर डोळ्यांत गेला असता, त्यांना खोकला आला असता... कदाचित खिडकी उघडली असती. सांगता येत नाही. तुम्ही तसा विचार करू नका."

पण ताईला दुसरा विचारच राहिला नाही. खोकला येऊ नये म्हणून तिने जे आणलं, त्याने त्याला खोकला आला नाही. ती भांडी घासताना हेच म्हणायची, अंथरुणावर पडल्या पडल्या हेच म्हणायची. लोक येऊन तिला सांगत, तुझी काय चूक, तू तर बजावून गेली होतीस. ती मान हलवायची. टॉवेल कुणी कोंबला, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तिने सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. त्या गप्प होण्यातच तिला सगळं उत्तर मिळालं.

वीज अजून आली नव्हती. एके दुपारी वहिनी दारात उभी राहिली, तान्हं कडेवर.

"कसं विचारू कळत नाही," ती म्हणाली. "तो स्टोव्ह... तुम्हाला नको असेल तर. पोरीला गार दूध पचत नाही."

ताईला आधी वाटलं, हिला हाकलून द्यावं. मग वाटलं, स्टोव्ह खिडकीतून खाली भिरकावून द्यावा. शेवटी ती म्हणाली, "थांब, मीच घेऊन येते."

तिने स्टोव्ह वहिनीच्या ओट्यावर मांडला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली, बाहेरच्या खोलीचीही उघडली, आणि डब्यात उरलेलं पांढरं बाटलीत भरून, पंप मारून स्टोव्ह पेटवला. वारा सरळ घरातून वाहायला लागला. वहिनीने बाळाला पदराखाली घेतलं. दूध तापायला वेळ लागत होता, कारण वाऱ्याने ज्योत सारखी आडवी होत होती.

"एक खिडकी लावूया का?" वहिनीने हळूच विचारलं.

"नाही."

"बाळ गारठतंय हो."

"गारठू दे!" ताई ओरडली. बाळ दचकून रडायला लागलं. ताई खिडकीच्या चौकटीला धरून उभी होती, कुणी ती लावायला येईल म्हणून. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग स्टोव्ह बंद केला, कोमट दूधच वाटीत ओतलं आणि म्हणाली, "तुम्ही घरी जा, ताई. पडा जरा. आम्ही बघतो काहीतरी."

त्या घरात त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही.

दुकानात जाऊन तिने फोन चार्ज केला. दूरगावच्या मावशीला अजून कळवलेलं नव्हतं, आणि हे काम दुसरं कुणी करणार नव्हतं. मावशीने टोळाला लहानपणी सांभाळलं होतं. ऐकून ती बराच वेळ नुसती रडली. मग नाक ओढत तिने विचारलं, "त्याला त्रास झाला का गं?"

"नाही, मावशी. झोपेतच गेला. काही कळलंच नाही त्याला."

"खोकला वगैरे?"

"नाही," ताई म्हणाली. "अजिबात नाही."

"चला, तेवढं तरी बरं झालं," मावशी म्हणाली. "तू होतीस म्हणून."

पलीकडे मावशी "ऐकतेस ना गं? अगं, आहेस ना?" असं विचारत राहिली. मालकाने हातवारे करून चादरींचा नवा ढीग आल्याचं खुणावलं. ताईने फोन तसाच टेबलावर ठेवला आणि इस्त्री तापायला लावली.